तपकिरी पाण्याचा ग्लास आणि माझे नऊ मासे

माशांच्या टाकीकडे बघायच्या आधीच कोणी टेबलावर दोन ग्लास आणि काड्यांचं यंत्र मांडलं, तर त्याला तिथूनच परत पाठवा. मी पाठवलं नाही. माझ्या ११ माशांपैकी ९ गेले. टाकी, फिल्टर, दिवा, मासे या सगळ्यांवर मिळून जेवढा खर्च झाला होता, त्याच्या अडीचपट पैसे त्या माणसाने नेले. त्यातले ७० टक्के, त्याने गळ्यात मारलेलं आरओचं यंत्र बसायच्या आधीच घेतले.

पाणी बदललं की माझे ८ गप्पी वर येऊन धापा टाकायचे आणि ३ मॉली तळाच्या खड्यांवर अंग घासायच्या. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. म्हणून पाणी तपासणारा बोलावला. त्याने एका ग्लासात नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात आरओचं, दोन्हींत लोखंडी काड्या सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या ग्लासात तपकिरी गाळ फुगून वर आला. दुसरा ग्लास नितळच. "ताई, तुमचे मासे ह्यात पोहतायत," तो म्हणाला. माझ्या पोटात गोळा आला.

कळायला हवं होतं ते तेव्हाच. त्याने काड्या फडक्याला पुसल्या, तेव्हा नळाच्या ग्लासातल्या काड्या खडबडीत, कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. तो गाळ म्हणजे त्या काड्यांचंच लोखंड होतं! नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंड सुटतं. आरओत क्षार नसल्यासारखेच, म्हणून तिथे काही घडत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोही ग्लास तपकिरी होईल. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, अडाणी नाही. पण डोळ्यांदेखत मासे तडफडत असले की डोकं चालत नाही. आणि मासे कधी धापा टाकतात, एवढंही त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर समोर होतं. पाणी बदलल्याबरोबर त्रास होतो, म्हणजे क्लोरीन. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवतातच. माणसाला त्याने काही होत नाही, माशांचे कल्ले मात्र जळतात. क्लोरीन मारणाऱ्या औषधाच्या, अँटीक्लोरीनच्या, चार खड्यांचं काम होतं.

आरओचं पाणी घातल्यावर धापा खरंच थांबल्या, म्हणून मी उरलेले ३० टक्केही दिले. क्लोरीन त्या यंत्रातल्या कोळशाने काढला होता, पण त्याबरोबर जवळजवळ सगळे क्षारही गेले होते. नवव्या दिवशी मॉली जागच्या जागी थरथरायला लागल्या. पुढे जात नव्हत्या, नुसत्या डुलत होत्या. मॉलीला जड, म्हणजे भरपूर क्षार असलेलं पाणी लागतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला फोन केला तर म्हणाला, "सवय होतेय त्यांना." पीएच ७.६ वरून ५.८ वर आला होता. इतक्या आंबट पाण्यात घाण पचवणारे जिवाणूही मंदावतात. विसाव्या दिवसापर्यंत नऊ मासे गेले.

टीडीएस मीटरच्या, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्राच्या, आकड्यावर जाऊ नका. त्यात क्लोरीनही दिसत नाही, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनियाही नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, यंत्र चालतंय ना, मग फसवणूक कसली? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तीन खेटे घातले. पहिल्यांदा अर्ज चुकीचा, दुसऱ्यांदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा म्हणे बिलावर 'यंत्र व सेवा' एवढंच आहे, माशांचा उल्लेख कुठे आहे? बिलावर शब्द न् शब्द लिहून घ्या. पाणीपुरवठा कार्यालयात मी एकच विचारलं, पाण्यात क्लोरीन घालता की क्लोरामाइन? पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) तसं उडत नाही, म्हणून. "पाणी पिण्यायोग्य आहे," एवढंच उत्तर मिळालं, दोनदा. मासे मेले म्हटल्यावर तिथला माणूस हसला. त्याचा राग अजून जात नाही.

नवी टाकी असेल तर पहिले चार ते सहा आठवडे अमोनिया आणि त्यापासून होणारं दुसरं विष, नायट्राइट, स्वतः मोजा. दोन्ही शून्य हवेत.

उरलेले दोन गप्पी आता नळाच्याच पाण्यात आहेत, अँटीक्लोरीन टाकून. काल पाणी बदललं आणि तासभर टाकीसमोर बसून राहिले. एकही वर आला नाही.