कंत्राटाच्या बातमीआधी घ्यावा की नंतर? छोट्या तेल कंपनीच्या शेअरचे तीन रस्ते

मुंबई हायमधल्या कामाचं एखादं टेंडर उघडलं की फोर्टपासून डोंबिवलीपर्यंत छोट्या ड्रिलिंग कंपन्यांची नावं फिरायला लागतात. ‘एल-वन आहे, ऑर्डर आलीच समजा.’ लाखभर रुपये हाताशी असलेल्या माणसापुढे मग तीन रस्ते असतात. बातमी यायच्या आधी शेअर घेऊन बसायचं, बातमी आल्यावर घ्यायचा, किंवा मोठ्या तेल कंपनीचा कॉल ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या मुदतीला ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, विकत घ्यायचा. आमचा कल दुसऱ्या रस्त्याकडे आहे, तोही अटी घालून. पहिला सरसकट वाईट नाही, पण त्याची खरी किंमत बहुतेकांना विकायला गेल्यावर कळते.

कोणत्या ‘बातमी’ची वाट बघताय?

ही कामं देणाऱ्या सरकारी तेल कंपनीच्या, म्हणजे ओएनजीसीच्या, टेंडरमध्ये तांत्रिक-व्यापारी बोली आणि दराची बोली वेगवेगळ्या असतात. पहिल्या चाळणीतून जे उतरतात, त्यांचेच दर उघडतात आणि सर्वांत कमी दरवाला एल-वन ठरतो. एल-वन म्हणजे ऑर्डर नव्हे. दर अंदाजापेक्षा फार चढा असला तर घासाघीस होते, कधी टेंडरच रद्द होऊन पुन्हा निघतं. सगळं जुळलं तर कंत्राट दिल्याचं पत्र येतं, कंपनी बँक गॅरंटी भरते आणि मग रिग (तेलविहीर खोदणारं यंत्र) आणण्याची मुदत सुरू होते. रिग तपासणीत पास होऊन कामावर लागली की रोजचं भाडं चालू होतं. उशीर झाला तर दंड कापला जातो.

भाव दोनदा उडतो, एल-वनच्या कुजबुजीवर आणि पत्र आल्यावर. पैसे मात्र तिसऱ्या टप्प्यावर सुरू होतात, आणि त्या दिवशी बाजारात कुणी ढोल वाजवत नाही. समुद्रात पाइपलाइन टाकणं किंवा प्लॅटफॉर्म बसवणं अशी कामं असली तर पावसाळाही हिशेबात धरा. पश्चिम किनाऱ्यावर ही कामं साधारण ऑक्टोबर ते मे एवढ्याच मोसमात होतात. एप्रिलमध्ये मिळालेल्या ऑर्डरचा मोठा भाग दिवाळीनंतरच्या तिमाहीत दिसला तर त्यात घोटाळा नाही, हवामान आहे.

पहिला रस्ता: आधी घेऊन बसणं

गणित करून बघू. समजा कुजबूज सुरू व्हायच्या आधी भाव ८० रुपये होता. एल-वनच्या चर्चेने तो १०० झाला आणि तुम्ही तिथे घेतला. ऑर्डर आली तर ११५, टेंडर फसलं तर ७५. मिळाले तर १५, गेले तर २५. नुसतं बरोबरीत सुटायलाही ऑर्डर येण्याची शक्यता ६२.५ टक्के हवी. यात गृहीत धरलंय की वाईट बातमीनंतर ७५ ला विकता येईल. छोट्या शेअरमध्ये नेमकं तेच होत नाही.

अशा बऱ्याच शेअरना ५, १० किंवा २० टक्क्यांचं सर्किट असतं, म्हणजे एका दिवसात भाव त्याहून जास्त वर-खाली जाऊ शकत नाही. ५ टक्क्यांच्या शेअरला लागोपाठ चार लोअर सर्किट लागली तर १०० चे ८१.४५ होतात, आणि त्या चारही दिवशी विकणाऱ्यांची रांग असते पण समोर घेणारा नसतो. स्टॉपलॉस, म्हणजे ठराविक भावाला आपोआप विकण्याची सूचना, लावून काही होत नाही. तो भाव आल्यावर विक्रीची ऑर्डर जागी होते आणि रांगेत मागे जाऊन उभी राहते. सुटका शेवटी ६८ ला झाली, तर वरच्या हिशेबात लागणारी शक्यता ६८ टक्क्यांवर जाते. म्हणून आधी घेणाऱ्याने पहिला प्रश्न ‘ऑर्डर येईल का’ हा विचारू नये. ‘नाही आली तर मी कुठल्या दारातून बाहेर पडणार’ हा विचारावा.

घ्यायच्या आधी एक्स्चेंजच्या वेबसाइटवर तीन गोष्टी बघा. सर्किट किती टक्क्यांचं आहे. शेअर एएसएम किंवा जीएसएमच्या देखरेखीच्या यादीत आहे का. तिथे मार्जिन (सौद्यासाठी आधी भरायची रक्कम) वाढतं आणि सर्किट आवळतं. आणि शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये आहे का (एनएसईवर बीई सिरीज, बीएसईवर टी गट). असेल तर त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही, डिलिव्हरी घ्यावीच लागते. ‘सकाळी घेतो, बातमी आली की दुपारी काढतो’ हा बेत तिथेच संपतो.

रोजची सरासरी उलाढालही बघा. दिवसाला २० लाखांचा व्यवहार होणाऱ्या शेअरमध्ये तुमचे एक लाख म्हणजे ५ टक्के. चांगल्या दिवशी ते सहज निघतात, वाईट दिवशी तुम्हीच भाव पाडता. रोजच्या उलाढालीच्या एका टक्क्याच्या वर जाऊ नये, असं आमचं मत. ब्रोकरच्या उधारीवर, म्हणजे एमटीएफवर, असले शेअर तर घेऊच नयेत. टेंडरची तारीख पुढे सरकणं नेहमीचंच आहे, आणि व्याजाचं मीटर मात्र रोज पळत असतं.

एक गोष्ट मुंबईत जास्त जपायची. वांद्र्याची कार्यालयं, उरणचा प्रकल्प, न्हाव्याचा पुरवठा तळ सगळं इथेच, त्यामुळे ‘आतल्या’ माणसाचा नातेवाईक प्रत्येक चाळीत सापडतो. १० जून २०२५ पासून बाजार नियामक सेबीच्या नियमांत, नेहमीच्या व्यवसायाबाहेरचं कंत्राट मिळणं किंवा रद्द होणं ही अप्रकाशित संवेदनशील माहिती म्हणून स्पष्ट नोंदली आहे. ती माहिती जाहीर होण्याआधी हातात असताना केलेला सौदा इनसायडर ट्रेडिंगमध्ये मोडू शकतो. दंड किमान १० लाख रुपये; वरची मर्यादा २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल ते. म्हणजे मेव्हण्याची टिप खोटी निघाली तर पैसे जातात, आणि खरी निघाली तर नोटीस येऊ शकते.

‘कंपनीने अफवेचा इन्कार केलेला नाही, म्हणजे खरंच असणार’ हा तर्कही सोडून द्या. अफवेवर खुलासा करण्याचं बंधन बाजारमूल्यानुसार पहिल्या २५० कंपन्यांवर आहे. छोट्या कंपनीच्या गप्प बसण्याला काहीच अर्थ नसतो.

दुसरा रस्ता: बातमी आल्यावर घेणं

याच्यावर नेहमीचा आक्षेप असा, की तोवर गाडी सुटलेली असते. सुटलेली असतेच. पण ती गाडी आपल्या गावाला जाते का, हे आता पाटी वाचून ठरवता येतं. आधी घेणाऱ्याला ती सोय नव्हती.

लिस्टिंग नियमांतल्या कलम ३० नुसार अशी ऑर्डर कंपनीने २४ तासांत एक्स्चेंजला कळवायची असते. सोबत ऑर्डर देणाऱ्याचं नाव, कामाचं स्वरूप, मुदत, ढोबळ रक्कम, ऑर्डर देणाऱ्यात प्रवर्तकांचा हितसंबंध आहे का, हे सांगायचं असतं. बीएसईच्या साइटवर कंपनीच्या घोषणांमध्ये ‘अवॉर्ड ऑफ ऑर्डर’ हा प्रकार निवडा आणि मूळ पीडीएफ उघडा. टीव्हीवरच्या पट्टीत रक्कम असते, मुदत बहुधा नसते, आणि सगळा खेळ मुदतीचा आहे.

समजा ऑर्डर ३०० कोटींची, तीन वर्षांची. वर्षाला १०० कोटींचं काम झालं. करानंतरचा नफा १० टक्के धरला तर वर्षाला १० कोटी, तीन वर्षांत ३० कोटी. कंपनीचे ५ कोटी शेअर आहेत, म्हणजे तीन वर्षांत मिळून शेअरमागे ६ रुपये. आणि भाव ८० वरून ११५ वर गेला, म्हणजे बाजाराने कंपनीची किंमत १७५ कोटींनी वाढवली. तीस कोटींच्या नफ्यासाठी पावणेदोनशे कोटी! हे पटवून घ्यायचं तर कंत्राट संपल्यावर रिगला लगेच पुढचं काम मिळेल आणि दरही टिकेल, हे मानावं लागतं. कधी ते खरंही ठरतं. पण मग तुम्ही ऑर्डरवर नाही, रिगच्या पुढच्या दरावर पैसे लावताय, हे स्वतःला स्पष्ट सांगा.

आणि तो दर मुंबईत ठरत नाही. २०२४ मध्ये सौदी अरामकोने चालू कंत्राटांवरच्या बऱ्याच जॅक-अप रिग (उथळ समुद्रात पायांवर उभ्या राहणाऱ्या रिग) काही काळासाठी थांबवल्या. सह्या झालेली कंत्राटं होती, तरीही. अशा मोकळ्या रिग दुसऱ्या देशांतल्या टेंडरांत उतरल्या की तिथले दर दबतात. म्हणून पीडीएफमध्ये पत्राचा दिनांक, काम सुरू करण्याची मुदत आणि मुदतवाढ कंपनीच्या हातात आहे की ग्राहकाच्या, एवढं शोधाच. रिग कंपनीची स्वतःची आहे की भाड्याने आणणार, हेही बघा. भाड्याची असेल तर वर धरलेला १० टक्के नफा फार उदार ठरेल.

प्रत्येक घोषणेला उडी मारायची नसते हेही इथेच सांगतो. उलाढालीच्या २ टक्के, नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) २ टक्के किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांतला सर्वांत कमी आकडा ओलांडला की घटना महत्त्वाची धरली जाते आणि जाहीर करावी लागते. सरासरी नफा २० कोटी असलेल्या कंपनीसाठी तो आकडा एक कोटीवरही येऊ शकतो. म्हणजे महिन्यात तीन ‘ऑर्डर’ जाहीर झाल्या म्हणून कंपनी धावतेय असं नाही. तिन्ही मिळून वर्षाच्या कामाच्या किती टक्के, ते मोजा.

या रस्त्यावरची चूक एकच, पण महागडी: दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकणं. घोषणा बऱ्याचदा साडेतीननंतर येते आणि ९ च्या प्री-ओपनमध्ये, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या सत्रात, भाव उडालेला असतो. लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची ऑर्डर, टाका, वरच्या हिशेबातून काढलेल्या भावाला. नाही मिळाला तर जाऊ द्या. ऑर्डरच्या बातमीनंतर भाव चढणीचा काही भाग परत देतो, असंही होतं.

तिसरा रस्ता: ऑप्शन

इथे आधीच गफलत होते. छोट्या ड्रिलिंग कंपन्यांच्या शेअरवर बहुधा ऑप्शनच नसतात. म्हणून लोक ओएनजीसीचा कॉल घेतात. पण ओएनजीसी कंत्राट देणारी आहे, घेणारी नव्हे! एका रिगच्या ऑर्डरने तिच्या भावाला काही होत नाही. तिचा भाव कच्च्या तेलावर, गॅसच्या दरावर आणि सरकारी करांवर हलतो. १ जुलै २०२२ ला लावलेला विंडफॉल कर (तेलाच्या चढ्या भावातून झालेल्या जादा कमाईवरचा कर) २ डिसेंबर २०२४ ला काढला, तशा निर्णयांवर. मुंबई हायचं उत्पादन वाढवायला बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक भागीदार नेमलं, ती २०२५ ची बातमी मोठी होती खरी, पण तिचं फळ बॅरलमध्ये दिसायला वर्षं लागतात. कॉल महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतो.

तारीख हाच या रस्त्याचा काटा. समजा शेअर २५० ला, २५० चा कॉल ९ रुपयांना (हाच प्रीमियम), लॉट, म्हणजे एकदम घ्यावा लागणारा संच, २,००० शेअरचा. खर्च १८,००० रुपये. मुदतीला भाव २५९ च्या वर गेला तरच फायदा. बातमी पंधरा दिवस लांबली तर शेअरवाला नुसता बसून राहतो, तुमचे मात्र रोज काही पैसे वितळतात. बातमी वेळेवर आली तरी तिच्या आधी प्रीमियम फुगलेला असतो आणि अनिश्चितता संपताच ती हवा जाते. भाव ३ रुपयांनी वाढला आणि प्रीमियम उतरला, हे इथे नवल नाही.

शिवाय शेअरच्या ऑप्शनची डिलिव्हरी प्रत्यक्ष होते. मुदतीला भाव २५५ असताना सौदा उघडा ठेवला, तर २,००० शेअर २५० ने घ्यावे लागतील, म्हणजे ५ लाख रुपये. शेवटच्या चार दिवसांत त्यासाठीचं मार्जिन चढत जातं आणि पैसे नसले तर ब्रोकर त्याला हवा तेव्हा सौदा काढून टाकतो. सेबीच्या अभ्यासानुसार २०२४-२५ मध्ये शेअर बाजारातल्या वायदे-ऑप्शनमध्ये सुमारे ९१ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, एकूण १,०५,६०३ कोटी रुपयांचा. या रस्त्याचा एकच खरा गुण आहे. कॉल विकत घेणाऱ्याने मुदतीआधी बाहेर पडायचं ठरवलं, तर तोटा दिलेल्या प्रीमियमवर थांबतो. लोअर सर्किटमध्ये अडकलेल्याला तेवढंही सुख नसतं.

मग कोणी काय करावं

कंपनी ऑर्डर नसतानाही तुम्हाला परवडणाऱ्या भावात मिळतेय, कर्ज आटोक्यात आहे, प्रवर्तकांचे शेअर गहाण नाहीत, ओएनजीसीकडून येणी वेळेवर येतात, अशा वेळी आधी घेणं रास्त आहे. ऑर्डर आली तर वरकड. वरच्या उदाहरणात तो भाव ८० चा, १०० चा नव्हे. एल-वनची चर्चा तुमच्यापर्यंत पोचली असेल तर ८० ची वेळ गेली, हे मान्य करून दुसऱ्या रस्त्याला लागा. ऑप्शन फक्त त्याच्यासाठी, ज्याचं तेलाच्या दराबद्दल मत आहे आणि ज्याला १८,००० गेल्याने घरभाड्याच्या तारखेची चिंता पडत नाही.

कराचा फरक थोडक्यात: वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, अधिक सेस. ऑप्शनचं उत्पन्न व्यवसायात धरलं जातं, स्लॅबने कर लागतो आणि विवरणपत्राचं काम वाढतं. दोन्हीकडचा तोटा पुढे ओढायचा तर विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं.

आणि ज्यांनी आधीच १०० ला घेऊन ठेवलाय, त्यांनी विक्रीचा भाव आजच कागदावर लिहावा, बातमीच्या सकाळी नव्हे. संध्याकाळी घोषणा आली तर रात्री पीडीएफ वाचून वरचं सहा रुपयांचं गणित आपल्या आकड्यांनी करा. सकाळी ९ ते ९:०७ च्या दरम्यान निम्म्या शेअरची विक्रीची लिमिट ऑर्डर प्री-ओपनमध्ये टाका, कारण घेणाऱ्यांची सर्वांत मोठी गर्दी त्याच वेळी असते. अप्पर सर्किट लागून शेअर बंद झाला असेल तर उरलेले निम्मे ठेवून दुसऱ्या दिवशीची उलाढाल बघा. सर्किट उघडून भरपूर माल फिरला आणि भाव तिथेच अडला, तर उरलेलेही त्याच दिवशी काढा.