वॉर्ड सोडायचा की नर्सिंगच? गोव्यातल्या नर्ससाठी चार वाटांची तुलना

‘नर्सिंग सोडू का?’ असं विचारणाऱ्या बहुतेकींना नर्सिंग सोडायचंच नसतं. कुणाला नाईट नको असते, कुणाला इन्चार्ज सिस्टर नको असते, कुणाला तो एक ठरावीक वॉर्ड. पण दमलेल्या माणसाला हे वेगळं करून बघायची फुरसत नसते, मग सगळ्यावर एकच उत्तर सुचतं: राजीनामा. उलट काहीजणी अशा असतात की त्यांनी खरंच निघायला हवं, आणि त्या ‘कायम पोस्ट आहे गं’ म्हणत रेटत राहतात.

गोव्यात राहून विचार केला तर वाटा चार दिसतात. आहे तिथेच राहून ड्युटी, वॉर्ड किंवा इस्पितळ बदलणं. पेशंटच्या खाटेपासून लांब जाणं, पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवणं. परदेश. आणि पूर्ण रामराम. माझा कल आधीच सांगून टाकते: मी वॉर्डातून इन्फेक्शन कंट्रोलला, म्हणजे इस्पितळातला संसर्ग रोखण्याच्या कामाला गेले, त्यामुळे दुसऱ्या वाटेबद्दल मी जरा जास्तच बोलणार. तेवढं वजा करून वाचा.

आधी बघा, दमलंय काय

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना तो आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवला. त्याच्या तीन खुणा दिल्या: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मन विटणं किंवा तुटकपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आता या खुणा आपल्या भाषेत बघा. पहिली म्हणजे नाईटनंतर घरी येऊन झोपही लागत नाही आणि जागंही राहवत नाही. दुसरी म्हणजे आठ नंबरच्या आजींनी बेल वाजवली की ‘काय झालं असेल’ याऐवजी ‘परत काय झालं हिला’ हे आधी मनात येतं. तिसरी म्हणजे पोटॅशियमचं ॲम्प्युल तीनदा वाचूनही खात्री वाटत नाही.

माझ्या पाहण्यात पहिली खूण एकटीच असेल तर रजा आणि चांगला रोस्टर यांनी ती बरीच उतरते. दुसरी आली की जागा बदलावी लागते. तिन्ही एकत्र आल्या आणि लांब रजा घेऊनही हलल्या नाहीत, तर चौथ्या वाटेचा विचार करायला लाज वाटायचं कारण नाही.

पण एक फरक चुकवू नका. कामावरच नव्हे तर घरीही कशात जीव रमत नसेल, जेवण जात नसेल, रडू थांबत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तो प्रश्न नोकरीचा राहत नाही. राजीनाम्याचा निर्णय तेव्हा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. तिथल्या ओपीडीत ओळखीचं कुणी दिसेल म्हणून आपल्यापैकी कितीजणी जात नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग निदान टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि तिथे तोंड दाखवावं लागत नाही.

पैसा: सरकारी आणि खासगी यांना एकच सल्ला देऊ नये

केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात स्टाफ नर्स लेव्हल ७ मध्ये येते, म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये, वर भत्ते. खासगीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली होती: दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका, शंभरावर असतील तर फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर २५ टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या इस्पितळातही निदान २०,००० रुपये. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. आपली पे-स्लिप तिच्याशेजारी ठेवून बघितली की कळायचं ते कळतं.

यातून तुलना उघड होते. छोट्या खासगी इस्पितळात वीस हजारांच्या आसपास राबणारी नर्स नोकरी सोडते तेव्हा ती फार काही गमावत नाही. तसा पगार दुसऱ्या इस्पितळातही आहे, दवाखान्याच्या रिसेप्शनवरही आहे. तिने महिनोन्महिने मन मारून राहण्यात मला काही अर्थ दिसत नाही. कायम सरकारी पोस्टवरच्या नर्सचा हिशेब अगदी वेगळा. तिने राजीनाम्याआधी रजेचं पुस्तक उघडावं. अर्जित रजा, वैद्यकीय रजा, बिनपगारी असाधारण रजा आणि केंद्रीय रजा नियमांतली ७३० दिवसांची बालसंगोपन रजा, जी मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत घेता येते. बारावीतल्या मुलीसाठीही ती रजा आहे, हे पुष्कळजणींना माहीतच नसतं. मागितली की लगेच मिळते असं नाही, स्टाफ कमी आहे हे उत्तर ठरलेलं. पण अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

बदलीबाबतही एक गाठ आहे. गोमेकॉची, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची भरती वेगळी आणि आरोग्य संचालनालयाची वेगळी. बांबोळीच्या वॉर्डातून ‘मला वाळपईच्या आरोग्य केंद्रात टाका’ असा साधा अर्ज करून भागत नाही. आतल्या आत, म्हणजे मेडिसिनमधून ओपीडीत किंवा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाणं त्या मानाने सोपं.

आहे तिथे राहायचं ठरवलं तर भांडायला एक कागद हाताशी असू द्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर इस्पितळांत पाचांमागे एक आणि आयसीयूत एकास एक. वर रजेसाठी ३० टक्के जादा स्टाफ. गणेश चवथीच्या आठवड्यात हा आकडा मॅट्रनना ऐकवला तर त्या हसतील. तरी लेखी तक्रारीत तो असावा.

खाटेपासून लांब, पण नोंदणी चालू

गोव्यात ही वाट वाटते त्यापेक्षा रुंद आहे. सगळ्या जागा मात्र सारख्या आरामाच्या नाहीत.

इन्फेक्शन कंट्रोल घ्या. एनएबीएच, म्हणजे इस्पितळाच्या दर्जाची मान्यता हवी असेल तर इस्पितळाला इन्फेक्शन कंट्रोल नर्स ठेवावीच लागते. काम सकाळचं. हातात तक्ता घेऊन कोण हात धुतं, कोण नाही ते मोजायचं, कॅथेटर किती दिवसांचा आहे ते बघायचं, सुई टोचल्याचं रजिस्टर ठेवायचं. लाल पिशवीत जायचा ग्लोव्ह पिवळीत दिसला की थांबायचं आणि सांगायचं. रात्र नाही, पेशंट हाताशी दगावत नाही. पण काल जिच्याबरोबर डबा खाल्ला तिच्याच वॉर्डात आज चूक दाखवायची असते, आणि सर्जनला ‘सर, हात’ म्हणायची हिंमत लागते. भांडण नको म्हणून वॉर्ड सोडणारीने हे पद घेऊ नये.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे डीडीएसएसवाय या गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं टेबल ही दुसरी जागा. २०१६ पासूनच्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे. खासगी इस्पितळात त्याच्या फायली करायला केस पेपर वाचता येणारं माणूस लागतं, आणि ते नर्सला जमतं. बाहेरून ही खुर्चीची नोकरी दिसते. आतून बघा: पेशंट ओटीच्या दारात, मंजुरी आलेली नाही, कार्डावर सुनेचं नाव चढवलेलं नाही, आणि डिचोलीहून आलेला मुलगा टेबलावर हात आपटून विचारतो, ‘मग कार्ड कशाला दिलं?’ शरीर दमत नाही, डोकं दमतं. ज्यांना नातेवाइकांच्या बोलण्याचाच ताण होता त्यांची सुटका इथे होत नाही.

कारखान्यातली नर्स हा पर्याय वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांनी जरूर बघावा. पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात अॅम्ब्युलन्स रूम लागते, ही कारखाना कायद्यापासूनची अट आहे. काम म्हणजे कामगारांच्या तपासण्या, ऑडिओमेट्रीच्या (ऐकण्याच्या तपासणीच्या) नोंदी, कापलं-भाजलं तर प्रथमोपचार आणि बरंचसं रजिस्टर. काही ठिकाणी शिफ्ट असते, ते आधी विचारा. इथली तक्रार उलटी असते, की दिवस जात नाही. दमून आलेलीला पहिलं वर्ष हे सुख वाटतं. आयसीयूची सवय असलेली पुढे कंटाळते.

शिकवण्याबद्दल थोडक्यात: ट्यूटर म्हणून बी.एस्सी. नर्सिंग आणि अनुभव चालतो, वर जायला एम.एस्सी. हवीच. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा असेल तर आधी पोस्ट बेसिक पदवी. आयुष्मान आरोग्य मंदिरातली सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याची पदं कंत्राटी असतात, ते विसरू नका.

आणि होम नर्सिंग. मुलं परदेशात आणि म्हातारे आईवडील मोठ्या घरात, अशी घरं गोव्यात कमी नाहीत, त्यामुळे काम लगेच मिळतं. एकच पेशंट, धावपळ नाही. पण पीएफ नाही, रजेला बदली माणूस नाही, आणि हळूहळू स्वयंपाक, बाजार, कुत्र्याला फिरवणं सगळं गळ्यात येतं. लेखी करार नसेल तर हे काम बर्नआउटवरचा इलाज नाही, त्याची दुसरी शिफ्ट आहे.

परदेश

पैशाच्या ओढाताणीने दमलेलीसाठी ही वाट खरी आहे. मनाने दमलेलीसाठी नाही. ब्रिटनला आधी संगणकावरची परीक्षा, मग तिथली प्रात्यक्षिक परीक्षा, आणि इंग्रजीत आयईएलटीएसचे ७ गुण, लेखनात ६.५. जर्मनीला नोंदणीसाठी साधारण बी-२ पातळीची जर्मन. आखातात डेटाफ्लो कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी आणि परवान्याची परीक्षा. हा अभ्यास नाईट करून करायचा, म्हणजे सुटका होण्याआधी वर्षभर ताण वाढणार. नव्या देशात पहिला हिवाळा आणि ऐकू येऊनही न कळणारे उच्चार, हे वर.

गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघतोच. ब्रेक्झिटनंतर तो असूनही ब्रिटनमध्ये नव्याने नोकरीला जायला व्हिसा लागतो. युरोपीय संघातल्या देशांत मात्र त्याचा उपयोग आहे. तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं आणि त्याबरोबर इथली सरकारी पोस्टही. नवऱ्याचे कागद होत आहेत म्हणून आपलेही करून टाकूया, असं करण्याची ही गोष्ट नाही.

परतीची वाट

चारही पर्यायांमधला सगळ्यात मोठा फरक मला इथे दिसतो, आणि याबद्दल कुणी आधी विचारत नाही.

खासगीतून खासगीत परतायला काही लागत नाही. नर्स सगळ्यांनाच हवी आहे, दोन वर्षांच्या खंडावर एखादा प्रश्न विचारतील एवढंच. सरकारी पोस्ट सोडलीत तर मात्र पुन्हा जाहिरात, पुन्हा वयाची अट, पुन्हा १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, पुन्हा सगळ्यांबरोबर रांग. कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट, ही ओळ आपल्याला पाठ आहेच.

परदेशाचं गणित त्याहून कडक. तिथे अलीकडचा खाटेजवळचा अनुभव विचारतात. मनात कुठेतरी आयर्लंड किंवा दुबई असेल तर विम्याच्या टेबलावर तीन वर्षं घालवू नका. डायलिसिस किंवा डे-केअरसारखी रात्र नसलेली, पण पेशंटजवळची जागा धरा. ‘थोडा आराम करते, मग बाहेर जाते’ हा क्रम कागदावर छान दिसतो, फॉर्म भरताना नडतो.

पूर्ण रामराम करणारीलाही नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नको असंच मी सांगेन. बेकरी काढा, होमस्टे चालवा, बँकेच्या परीक्षा द्या. खर्च थोडा, आणि त्या एका कागदाने दार किलकिलं राहतं. बाकी नर्सपण असं सुटतही नाही. पेडण्याच्या गावात एकदा ‘सिस्टर’ झालात की शेजारी बीपी बघायला येणारच. पहिल्या वर्षाची घरखर्चाची सोय आणि घरच्यांची तयारी मात्र आधी हवी. ‘एवढी शिकलीस, सरकारी नोकरी, आणि आता केक?’ हे वाक्य सासर-माहेर दोन्हीकडून येतं, तेही नेमकं चवथीला.

कुणी काय करावं

खासगीत, पंचविशी-तिशीत, कर्ज नसलेली: इस्पितळ लगेच बदला, नर्सिंगचा निकाल वर्षभराने लावा. खासगीत, पस्तिशीच्या पुढे, मुलं लहान: दुसरी वाट, शक्यतो सकाळची. सरकारी आणि वीस वर्षं जवळ आलेली: आधी लांब रजा, आणि वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तीसाठी मोजली जाणारी) सेवा भरल्यावर तीन महिन्यांच्या नोटिशीने स्वेच्छानिवृत्ती. त्याआधी राजीनामा देणं म्हणजे हातचं सोडणं. सरकारी, दहा वर्षंही झालेली नाहीत, आणि रजेनंतरही हात थरथरतात: या गटाला सगळे ‘थांब’ म्हणतात. मी म्हणत नाही. औषध देताना खात्री वाटत नसेल तर पेशंटसाठीही निघणं बरं.

राजीनामा देण्याआधी तारखा बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग ५ वर्षं लागतात, पीएफच्या पेन्शनला १०. चार वर्षं दहा महिन्यांवर तडकाफडकी निघालेल्या नर्स मी पाहिल्यात. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर आपल्या मोबाईल नंबरला जोडलेला आहे ना, बॉण्डमध्ये नोटिशीचे किती दिवस लिहिलेत, मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या कपाटात आहेत, हे रागाच्या भरात नाही तर साध्या दिवशी बघून ठेवा. मूळ कागद इस्पितळाने ठेवून घेतले असतील तर ‘नूतनीकरणाला हवेत’ म्हणून राजीनाम्याआधी सोडवून घ्या.

अनुभव प्रमाणपत्रावर नुसतं ‘स्टाफ नर्स’ लिहून देतात. ते परत करा. कुठला विभाग, किती खाटा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ होतात का, हे सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी हवं. परदेशाला हेच लागतं, एनएबीएचच्या इस्पितळाला हेच लागतं, ट्यूटरच्या मुलाखतीतही हेच मागतात. ते नोटिशीच्या काळातच मागा, कारण सही करणाऱ्या मॅट्रन तोवर खुर्चीत असतात.