लघवी गळते: व्यायाम करू की हकिमांचं औषध घेऊ?

शिंक आली की आधी मांड्या आवळायच्या, मग शिंकायचं. ही सवय जडलेल्या बायका पुष्कळ, बोलणाऱ्या थोड्या. व्यायाम की हकिमांचं युनानी औषध, हे ठरवण्याआधी एवढं पाहा: लघवी गळते केव्हा? खोकताना, हसताना, भरलेली बादली उचलताना गळत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेत. एकदम जोराची लागून दारापर्यंत पोचेस्तोवर निसटत असेल, तर मूत्राशय घाई करतंय. काहींना दोन्ही असतं.

पहिल्या प्रकारात मी सरळ हे स्नायू आवळण्याच्या व्यायामाच्या बाजूची. आर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली तो मांडला आणि पुढच्या चाचण्यांत तो टिकला. सगळी गोम करण्यात आहे. वारा सरताना रोखतो तसं आवळायचं, आत आणि वर ओढायचं. पोटावर हात ठेवा; पोट कडक झालं, मांड्या आवळल्या किंवा श्वास कोंडला तर चुकलं. सहा-आठ सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सैल सोडणं हाही व्यायामच, नेमका तोच आपण विसरतो. लघवीची धार अडवून रोज सराव करू नका. आणि शिंकेआधी मांड्या नव्हे, हे स्नायू आवळा. जमतंय की नाही कळत नसेल तर फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवाच.

घाईच्या प्रकारात व्यायामाला वेळ ताणण्याची जोड हवी: लागली की लगेच न पळता आधी पाच मिनिटं थांबायचं, मग हळूहळू वाढवायचं. चहा-कॉफी कमी करायची.

युनानीत या दुखण्याला सलसुल बौल म्हणतात. मूत्राशयाचा मिजाज, म्हणजे प्रकृती, थंड झाला, धरून ठेवायची ताकद गेली, अशी त्यांची मांडणी. म्हणून कुंदुर (सालईचा डिंक), बलूत (ओकचं फळ) अशी उष्ण किंवा आकुंचन करणारी द्रव्यं, बहुधा माजून, म्हणजे चाटण, करून. चमचाभर चाटणं तीन महिन्यांच्या व्यायामापेक्षा सोपं, हे मान्य. पण यावरचे अभ्यास थोडे आणि लहान. व्यायामाइतका भक्कम आधार नाही. माजुनात मध किंवा साखर असते, मधुमेह असेल तर आधी विचारा. हकीम कधी कुश्ताही देतात; कुश्ता म्हणजे धातूचं किंवा खनिजाचं भस्म. ते आपल्या मनाने मुळीच घेऊ नका. चांगला हकीम मात्र पोट साफ होतं का, हे विचारतो. आणि ते खरंच महत्त्वाचं, कारण रोज कुंथण्याने हेच स्नायू खचतात.

दोन्ही करायचं असेल तर आधी व्यायाम जमू द्या. एकाच दिवशी सुरू केलंत तर गुण कशाचा, कळणार नाही. लघवीत रक्त, जळजळ, ताप, अंग बाहेर येणं किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा असेल तर या दोन्हींच्या आधी डॉक्टर. बधिरपणा असेल तर त्याच दिवशी.