'कट्' आवाज आला म्हणजे बोल्ट नीट आवळला असे समजू नका

घरी येऊन गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप बदलून देतो आणि प्रत्येक बोल्ट कंपनीच्या मापाने टॉर्क पान्याने (ठरवलेला जोर लागला की ‘कट्’ आवाज करणाऱ्या पान्याने) आवळून देतो, असे सांगणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून १६,७५० रुपये उकळले. रत्नागिरी परिसरात त्याची जाहिरात अजूनही मोबाइलवर फिरते आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहितो आहे. हिशेब असा: शॉकअपची जोडी ९,४००, वरची माउंटिंग १,९००, लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश १,६००, मजुरी २,५००, ‘टॉर्क सेटिंग’ ७५० आणि अंगणातच दोरी धरून केलेले चाकांचे अलाइनमेंट ६००. यातले ५,००० रुपये आगाऊ यूपीआयने गेले, उरलेले ११,७५० त्याने रोख मागून घेतले, आणि पक्के बिल आजतागायत आलेले नाही.

अशा माणसावर विश्वास ठेवलाच कसा, असे विचारणारे पुष्कळ भेटले. पावसाळ्यानंतर मुंबई-गोवा महामार्गावरून धावलेल्या प्रत्येक गाडीला शॉकअपचे काम निघते, गॅरेजवाले तारखेवर तारीख देतात, आणि समोरचा माणूस आपण न विचारता टॉर्क पान्याची लाल पेटी उघडून दाखवतो, तेव्हा त्याला भामटा समजण्याचे कारण माझ्यापाशी नव्हते. उलट, आपल्याकडे हा पाना वापरणारा मिस्त्री भेटला याचेच मला अप्रूप वाटले. त्याने नेमके तेच अप्रूप विकले.

संशय यायला हवा होता तो क्षण मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. गाडी जॅकवर, दोन्ही चाके काढलेली. त्याने आधी प्रत्येक नट गनने, म्हणजे झटके देत आवळणाऱ्या यंत्राने, धडधडत आवळला आणि मग त्यावर टॉर्क पाना लावला. लावताक्षणी ‘कट्’ असा आवाज आला, नट केसभरही हलला नाही, आणि ‘बघा काका, परफेक्ट’ म्हणत त्याने नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. आवाज येण्यापूर्वी नट थोडा तरी फिरायला हवा, एवढे सोपे गणित आहे. मापापेक्षा दुप्पट आवळलेल्या बोल्टवरही तो पाना तसाच ‘कट्’ करतो, कारण त्याला किमान तेवढा जोर लागला एवढेच कळते, जास्तीचे कळत नाही. शिवाय खाऱ्या हवेने गंजलेल्या आट्यांना त्याने सढळ हाताने तेल चोपडले होते. कोरड्या आट्यांसाठी दिलेले माप तेलकट आट्यांवर वापरले की बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. बाजूला उभे राहून पाहणाऱ्या गाडीमालकाला हे सुचावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

लोअर आर्मच्या बुशचे बोल्टही त्याने चाके लोंबकळत असतानाच आवळले. या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते, आणि बोल्ट आवळला की आतली नळी त्याच जागी पकडली जाते. गाडी खाली उतरवल्यावर आर्म वर येतो आणि रबर पिळलेल्या टॉवेलासारखे कायमचे पीळ खाऊन राहते. म्हणून हे बोल्ट आधी हलके लावून, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळायचे असतात. कोणी जॅकवरच ते घट्ट करू लागला तर काम तिथेच थांबवा.

पुढे आंबा घाटात प्रत्येक वळणाला पुढून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढू लागले. ओळखीच्या मिस्त्रीने चाक काढले, तर डाव्या नकलचा (शॉकअप चाकाकडे जिथे जोडतात त्या भागाचा) खालचा बोल्ट साध्या पान्याने सहज फिरला. पिवळी रेघ मात्र जागच्या जागी होती. नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज न सुटणारे नट) जुनेच होते, जे एकदा काढले की बदलायचे असतात. ‘नव्या’ शॉकअपवरचा काळा रंग नखाने सुटला आणि खाली गंजाचे खड्डे दिसले. वरचा नट गनने फिरवताना शॉकअपचा दांडा सोबत फिरू नये म्हणून त्याने तो पकडीने धरला होता. त्या ओरखड्यांनी सील फाटून तेल गळत होते. दुरुस्तीला आणखी १३,२८० रुपये गेले.

पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की काम झाले आहे, दर्जाचा वाद आहे, म्हणजे ही दिवाणी बाब आहे. रंग मारलेला जुना माल नवा म्हणून विकणे ही फसवणूक नाही तर काय, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ कशासाठी आहे, असे विचारल्यावर आगाऊ रक्कम ऑनलाइन गेली असल्यामुळे सायबरकडे जा, असा सल्ला मिळाला. सायबरवाले म्हणाले, माणूस प्रत्यक्ष घरी आला होता, म्हणजे हा सायबर गुन्हा नव्हे. बँकेने ‘व्यवहार तुम्ही स्वतः केला आहे’ एवढेच लिहून कळवले. परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर मला ‘आम्ही गाड्या तपासतो, मिस्त्री नाही’ असे ऐकवले गेले, आणि बोल्ट सुटून गाडी घाटात कोसळली असती तर पंचनाम्याला मात्र हे सगळे हजर झाले असते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली गेली, पण नोटीस पाठवायला पत्ता हवा आणि माझ्यापाशी फक्त एक बंद मोबाइल क्रमांक. काम सुरू होण्याआधी पत्ता आणि पक्के बिल घ्या; पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, पण समोरचा पक्ष कोण हे तुम्हालाच सांगावे लागते. पोलिसांनी तक्रार नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. तशी मी पाठवली आहे आणि पोचपावती जपून ठेवली आहे.

जुने शॉकअप ‘भंगारात टाकतो’ म्हणून त्याने सोबत नेले. ते मुळीच देऊ नका. माझे जुने शॉकअप आता काळा रंग लावून कोणाच्या तरी गाडीला ९,४०० रुपयांत बसवले गेले असतील.