‘सर्व बोंडअळ्यांसाठी एकच ल्यूर’ विकणाऱ्यांपासून सावध

वाशीच्या एका प्रदर्शनात एकजण कामगंध सापळे विकत होता, म्हणजे ल्यूरच्या (गंधाच्या आमिषाच्या) ओढीनं आलेले बोंडअळीचे नर पतंग पकडणारे सापळे. गाव विदर्भात आणि पोट नवी मुंबईत, अशा आमच्यासारख्यांवरच त्याचा डोळा. ‘गावाकडे कापूस आहे का?’ हा पहिला प्रश्न. आमची पऱ्हाटी यवतमाळ जिल्ह्यात, वावर दादा बघतो. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात माणसं दगावली, तेव्हापासून घरात पंप पाठीवर घ्यायचीच धास्ती. त्यामुळे सापळे म्हटल्यावर मी लगेच घेतले.

पाकिटावर ठसठशीत छापलेलं, ‘कापसाच्या सर्व बोंडअळ्यांसाठी’. लबाडी इथंच आहे. ल्यूरमध्ये मादी पतंगाच्या गंधाची नक्कल असते आणि तो गंध जातीगणिक वेगळा. अमेरिकन बोंडअळीच्या ल्यूरकडे गुलाबी बोंडअळीचा नर ढुंकूनही बघत नाही. बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही. क्यूआर कोडवरचे पैसे कुणा व्यक्तीच्या नावावर गेले. बिल म्हणे ‘व्हॉट्सॲपवर टाकतो साहेब’.

दादा रोज सकाळी सापळे बघायचा. “आपल्या वावरात त एकबी पाखरू नाई,” फोनवर खुशीत सांगायचा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले की उपाय करायचा, हा हिशोब त्याला पाठ. म्हणून निंबोळी अर्कसुद्धा मारला नाही. बोगस औषधाचं एक बरं, कीड मरत नाही हे डोळ्यांना दिसतं. बोगस सापळा मात्र रिकामा राहून ‘सगळं ठीक’ असंच सांगतो. बांधापलीकडच्या काकांच्या सापळ्यांत पतंगांचा खच पडला, तेव्हा कुठं दादानं हिरवी बोंडं फोडली. बाहेरून धड, आत गुलाबी अळी. ती आत शिरली की छिद्र बुजतं, मग फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. वेचणीला निम्मी कवडीच निघाली, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस.

दिलेल्या पत्त्यावर तुर्भ्याला गेलो, तर कुरिअरचं गोदाम. मोबाइल बंद.

ल्यूर घेताना पाकिटावर किडीचं नाव वाचा. गुलाबीसाठी गॉसिप्ल्यूर किंवा पेक्टिनोल्यूर लिहिलेलं असतं. सापळा रिकामा असला तरी एकरी वीस हिरवी बोंडं फोडाच, दोनांत जिवंत अळी दिसली तर उपाय करायला थांबू नका. पक्कं बिल मागा. ते नसेल तर पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आणि रिकामं पाकीट जपून ठेवा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. आमच्याकडे पाकीट होतं म्हणून तालुका कृषी कार्यालयानं अर्ज तरी घेतला.