कोल्हापुरातून स्पीड पोस्ट : दर स्वस्त, पोहोच दारापर्यंत, घोळ छाननीत

५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट शहरातल्या शहरात १९ रुपये, देशात कुठंही ४७ रुपये, वर जीएसटी. १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे हे दर. एवढ्या पैशात चंदगडच्या वाडीवरही पोस्टमन दारात येऊन टपाल देतो. खासगी कुरिअरवाले असा पत्ता बघितला की बऱ्याचदा तालुक्याला येऊन घेऊन जा म्हणतात. दर आणि पोहोच याला पैकीच्या पैकी गुण. वेळेला मात्र पाचपैकी तीनच, आणि त्याचं कारण पोस्टमन नाही.

काउंटरवर घेतलेलं पाकीट बॅगेत जातं, बॅग छाननी कार्यालयात, म्हणजे आरएमएसमध्ये (रेल्वे मेल सर्व्हिस). तिथं बॅग फोडायची, नग मोजून यादीशी ताडायचे, स्कॅन करायचे, पिनकोडप्रमाणे खणांत टाकायचे, मग नवी बॅग भरून लेबल, सील, यादी. गाडी त्यानंतर. २०२४ च्या अखेरीस डाक खात्यानं देशभरातली दुसऱ्या पातळीवरची लहान छाननी कार्यालयं मोठ्या कार्यालयांत विलीन करायला घेतली. दोनदा होणारी छाननी वाचते, हे खरं. दिल्लीच्या टपालाला त्याचा फायदा होतो. जवळच्या टपालाचं उलटं होतं. छाननीचं टेबल जिल्ह्याबाहेर गेलं, तर कागलहून मुरगूडला निघालेलं पाकीट जिल्ह्याबाहेर जाऊन पुन्हा त्याच तालुक्यात येणार. शिवाय लांबची गाडी गाठायची म्हणून बॅग लवकर बंद करावी लागते. संध्याकाळी दिलेलं पाकीट रात्रभर पोस्टातच राहतं आणि ट्रॅकिंगवर ‘बुक्ड’च्या पुढं काही सरकत नाही.

दुसरा फटका पत्त्यांना. कसबा बावड्याचा पिन ४१६००६, गगनबावड्याचा ४१६२०६. एका आकड्याचा फरक, आणि एक शहरातलं, दुसरं थेट घाटमाथ्यावरचं. पाकिटावर नुसतं ‘बावडा’ आणि आकडा पुसट असला, तर इथला जुना सॉर्टर पत्त्यात कसबा बावड्यातलं ‘लाईन बझार’ वाचून ते शहराच्या खणात टाकतो. पुलाची शिरोली (४१६१२२) आणि शिरोळ (४१६१०३) यांचंही तेच. दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस कितीही हुशार असला तरी त्याला आकड्यावरच जावं लागतं. आकडा चुकला की पाकीट ‘मिससेंट’ होऊन, म्हणजे भलतीकडे जाऊन परत फिरतं, किमान एक-दोन दिवस गेलेच. हे ज्ञान कुठल्या यादीत नसतं, वर्षानुवर्षं खणांपुढं उभं राहून येतं. टेबल हललं की ते तुटतं.

आणि टेबल हलतं म्हणजे माणसं हलतात. कायम सॉर्टिंग असिस्टंट, मेल गार्ड, एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ) यांची नोकरी जात नाही, जागा बदलते. पण आरएमएसचं काम रात्रपाळीचं. मध्यरात्रीनंतर सेट, म्हणजे पाळी सुटली की घरी यायला एसटी नसते, पहाटेपर्यंत तिथंच थांबायचं. ग्रामीण डाक सेवक म्हणून रोज चार-पाच तासांच्या कामावर असलेल्या मेलमनचं (बॅगा हाताळणाऱ्याचं) गणित तर बसतच नाही. कामाइतकाच वेळ प्रवासात, आणि त्या तुटपुंज्या भत्त्यातून रोजचं भाडं. कंत्राटावर बॅगा उचलणाऱ्यांचं नाव तर बदलीच्या यादीतही नसतं. विलीनीकरणाच्या हिशेबात गाड्या आणि किलोमीटर मांडतात, तसा या माणसांचाही वेगळा रकाना हवा. तो नसताना कार्यालय बंद करणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

सेवा वापरणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. महत्त्वाचं टपाल दुपारच्या आत द्या आणि बॅग किती वाजता बंद होते ते काउंटरवर विचारा. पिन ठळक, सुटा सुटा लिहा, गावापुढं तालुका घाला. पावतीवरचा ‘ई’नं सुरू होणारा १३ अक्षर-अंकी क्रमांक आणि पिन तिथंच तपासा, टायपिंगची चूक तेव्हाच सुधारते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. नोटीस ज्याच्या नावाची त्याच्याच हातात पडायला हवी असेल तर ‘रजिस्ट्रेशन’ तोंडानं मागावं लागतं, ५ रुपये आणि जीएसटी जादा. साखर कारखाने, पतसंस्था सभासदांना सभेच्या नोटिसा पाठवतात, त्यांनी गठ्ठे पिनकोडप्रमाणे बांधूनच द्यावेत आणि सभेच्या तारखेआधी चार दिवस जास्तीचे धरावेत.