रबर डॅम आठ महिने वापरून: चूळ बंद, फिलिंग टिकतंय (बहुतेक)

डेंटल कॉलेजात रूट कॅनालच्या पोस्टिंगला रबर डॅम (दातावर ताणून बसवायची पातळ रबराची शीट, भोकातून फक्त कामाचा दात बाहेर, थुंकी लांब) लावला, मार्क घेतले आणि विसरलो. मग अकरा वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीत प्रॅक्टिस केली ती कापसाचे रोल आणि सक्शनवर. कारण सगळ्यांचं तेच, वेळ कुणाला आहे आणि आपल्याकडचा पेशंट असलं काय सहन करणार नाही. पण खालच्या दाढांची कंपोझिटं (दाताच्या रंगाची फिलिंगं) दीड-दोन वर्षात कडेनं काळी पडून परत यायला लागली, कुणाचं अन्न अडकतंय, कुणाला गार पाण्यानं कळ येतीय, तेव्हा म्हटलं चला किट आणूया. गंमत बघा, ही वस्तू १८६४ सालची, न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम नावाच्या डेंटिस्टनं आणलेली, आणि मी आत्ता शहाणा झालो.

पहिले पंधरा दिवस डोक्याला ताप. लावायलाच वीस मिनिटं. शीटला भोक पाडायचा पंच स्वस्तातला घेतला होता, त्याचं भोक एका बाजूनं चिरायचं, मग शीट ताणली की तिथूनच टर्रकन फाटणार. क्लॅम्प (शीट दाताला धरून ठेवणारा धातूचा चिमटा) सटकून दोनदा असिस्टंटच्या एप्रनवर गेला. आता दाढेला २६ नंबरचा बसवतो आणि सोडण्याआधी बोटानं हलवून बघतो, चारही टोकं दाताच्या फुगवट्याखाली टेकली नसतील तर तो सटकणारच. आणि तोंडात घालायच्या आधी क्लॅम्पला फ्लॉस बांधायचा, हे विसरायचंच नाही, चुकून घशाकडं गेला तर ओढून काढायला काहीतरी पाहिजे की. व्हॅसलीन लावू नका, लेटेक्स खराब होतं आणि बाँडिंगची (फिलिंग दाताला चिकटायची) पण वाट लागते, पाण्यात धुऊन जाणारी जेल घ्या.

आता लावायला चार-पाच मिनिटं लागतात. पण खरा वेळ वाचतो तो चुळीचा! आपल्याकडचा पेशंट दर दोन मिनिटाला उठून बसणार, "डॉक्टर, चूळ भरू?", आणि आपण नुकतंच १५ सेकंद एच करून (दाताला ॲसिड लावून) धुऊन वाळवलेलं असतं, त्यावर थुंकी आली की सगळं पहिल्यापासून. डॅम लावला की हा विषयच संपला. कागलच्या एका आजी आरशात बघून म्हणाल्या, "तोंडाला मच्छरदाणी बांधलासा काय?" आणि दहा मिनिटात घोरायला लागल्या. नाक चोंदलेल्या पेशंटला मात्र जीव घाबरतो, एकानं हातानं ओढूनच काढला, तिथं मी हट्ट करत नाही. लेटेक्सची ॲलर्जी आधी विचारायचीच, त्यांच्यासाठी वेगळी शीट मिळते.

दोन दातांच्या मधल्या किडीला नुसत्या डॅमनं भागत नाही हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. कोरडं काम झालं, पण काँटॅक्ट (शेजारच्या दाताला टेकणारी जागा) ढिलाच, तांबड्या रश्श्यातलं मटण अडकतंय म्हणून पेशंट परत. कापायच्या आधीच दोन दातांमध्ये वेज (छोटी पाचर) ठोकायची (शीट पण वाचते आणि दात किंचित बाजूला होतात), मग सेक्शनल मॅट्रिक्स (फक्त त्या बाजूला लावायची धातूची पातळ पट्टी) आणि ती धरून ठेवणारी रिंग, आणि कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरचेच थर. दाताभोवती गुंडाळायच्या जुन्या गोल पट्टीनं असा घट्ट काँटॅक्ट मला तरी कधी जमला नाही.

एक चूक माझी, पुढच्या दाताची. शेड (फिलिंगसाठी दाताचा रंग जुळवणं) डॅम लावल्यावर घेतली. दात वाळला की पांढरा दिसतो हे पुस्तकात वाचलेलं, तरी केलं. मुलीचं पुढच्या आठवड्यात लग्न, दोन दिवसात दात मूळ रंगावर आला आणि फिलिंग खडूसारखं उठून दिसायला लागलं. फुकटात बदलून दिलं, ओशाळलो ते वेगळंच. तेव्हापासून शेड आणि चावताना दात कुठं टेकतात त्या खुणा दोन्ही आधी, मग डॅम.

हिरडीजवळच्या खड्ड्यांना २१२ नंबरचा क्लॅम्प लावतो पण खरं सांगायचं तर अजून नीट हात बसला नाही, अर्ध्या वेळा हिरडी बाजूला सारायचा दोराच गुंडाळून काम उरकतो.

खर्चाचं म्हणाल तर एका पेशंटमागं शीट कट वड्याच्या प्लेटपेक्षा स्वस्त पडते. आठ महिन्यात डॅमखाली केलेल्यातलं मोजून एक परत आलं, पण दीड वर्षाआधी यावर बोलण्यात अर्थ नाही, काळ्या कडा तेव्हाच दिसायच्या. डॅम काढताना दातांमधल्या रबराच्या पट्ट्या कात्रीनं कापून शीट टेबलावर पसरून बघतो, तुकडा हिरडीत राहिला तर सुजते. पंच तेवढा चांगला घ्या, माझा पहिला आता असिस्टंटचा पोरगा वह्यांना भोकं पाडायला वापरतोय.